आईची पहिली काशीयात्रा

माझी आई काशीला दोनदा जाऊन आली. त्यातल्या पहिल्या खेपेला ती सोलापूर जिल्ह्याबाहेर गेलीच नव्हती!

दोष सगळा माझ्या शिकवण्याचा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सातवीला मराठी शिकवायचो. ‘माझा प्रवास’ हा निबंध दिला की अख्खा वर्ग आजोळी जाऊन जेवून परत यायचा. (मी स्वतः बार्शीच्या पुढे गेलो नव्हतो, पण ते वर्गाला कशाला सांगा!) माझा लाल शेरा ठरलेला : ‘नुसती माहिती. स्वतः गेल्यासारखं वाटत नाही.’ शेवटी कंटाळून ग्रंथालयातून प्रवासाची चित्रांची पुस्तकं आणली, पोरांना वाटली आणि सांगितलं, चित्रात शिरा, घरच्यांनाही बरोबर न्या, वाचणाऱ्याला पटलं पाहिजे.

माझी मुलगी सुमी त्याच वर्गात. तिला काशीचं पुस्तक मिळालं. आज्जीच्या मांडीला टेकून ती ते रोज बघायची. मग तिनं असा निबंध लिहिला की आज्जीनं गंगेत बुडी मारली तेव्हा माझाच श्वास अडकला. (निबंधात मीही होतो, सामान उचलायला.) मी तो छाती फुगवून शेजारच्या तुकडीत वाचला. हे सगळं चित्रं बघून लिहिलंय, एवढं तिथं सांगायचं तेवढं राहिलं.

त्या पोरांनी घरी जाऊन बातमी दिली. नुकतीच दिवाळीची सुट्टी संपलेली, आणि सुट्टीभर आम्ही जिल्ह्यातच, करकंबला मावशीकडे होतो. म्हणजे घराला कुलूप! सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीनं मेळ घातला. संध्याकाळी समोरच्या घरात मागावर कापड विणणाऱ्या पद्माक्का नारळ घेऊन दारात हजर, आणि मागोमाग सगळी गल्ली. काशी करून आलेल्याच्या पाया पडायची रीतच आमच्याकडे.

मी ‘अहो, तसं नाही’ म्हणत आत-बाहेर करत होतो, पण ऐकतंय कोण! तोवर पद्माक्कांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलंसुद्धा. आईनं जन्मभर काशीचा ध्यास घेतलेला. तिचे डोळे भरून आले आणि तिनं आशीर्वाद देऊन टाकला. झालं! आता खरं सांगितलं तर आई गल्लीभर खोटारडी ठरणार.

“आज्जी, काशीत काय सोडलं?” पद्माक्कांनी विचारलं.

काशीला गेलं की एखादा खाण्याचा पदार्थ कायमचा सोडून यायचा असतो. पुस्तकात हे चित्र नव्हतं. आई क्षणभर गडबडली, मग शांतपणे म्हणाली, “मी कारलं सोडलं. अन् ह्यानं शेंगाची चटणी.”

मी! सोलापुरात राहून!

“मास्तरांचं मन लई मोठं हाय की,” पद्माक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली माझ्या ताटावर पहारा करू लागली. कुणाकडे जेवायला गेलो की यजमानीण चटणीची वाटी लगबगीनं लांब सरकवायची. इकडे आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. लोकांनी वाटेत पाय धरले की ती घरी येऊन रडायची. एक दिवस म्हणाली, “बाळू, मला खरंच नेऊन आण. नाहीतर या गल्लीत मला तोंड दाखवता यायचं नाही.”

मे महिन्यात आम्ही सगळे काशीला गेलो. गल्लीला सांगितलं, करकंबला चाललोय! आई गंगेत उतरली आणि हात जोडून लहान पोरीसारखी हसली. मला फार बरं वाटलं. तिथल्या गुरुजींनी काय सोडता विचारल्यावर मी चपळाईनं कारलं सोडलं. पण ते गल्लीत सांगू कुणाला? तेव्हापासून मला कारलंही नाही आणि चटणीही नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. आता नमुना म्हणून आपणच खऱ्या प्रवासाचा निबंध लिहावा, असं मनानं घेतलं. घाटाच्या पायऱ्यांपासून सगळं खरं खरं लिहिलं आणि आधी सुमीला वाचायला दिलं. तिनं तो मन लावून वाचला, माझी लाल पेन्सिल मागून घेतली आणि खाली लिहिलं :

‘नुसती माहिती. स्वतः गेल्यासारखं वाटत नाही.’