विसण नको घालूस

वडील गेल्यानंतर आई पहिल्यांदाच आमच्याकडे नोएडाला आली, तीही फक्त थंडीपुरती. तिने आता इथेच राहावं असं मला वाटत होतं, आणि लेकीकडे कायमचं राहत नसतात असं तिला वाटत होतं. पुण्याच्या घरात दिवसभर बोलायला कोणी नाही, गुडघे कुरकुरतात, जिना चढवत नाही, हे सगळं मी तिला सांगून झालं होतं. ती "बघू" म्हणायची. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तुमच्याकडे पाणी तापत नाही. गार पाण्यानंच अंग धुवायचं, तर मी आपली पुण्याला जाते."

मी गिझर तपासला. दिवा लागत होता. नळाखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला. लोकांच्या तक्रारी घेणं ही माझी नोकरीच आहे. 'आमच्या बाजूने दोष दिसत नाही' हे वाक्य मी रोज इतक्या वेळा लिहिते, की तेच आईलाही ऐकवलं.

"तुझ्या बाजूनं नसेल," ती म्हणाली. "आंघोळ मी करते."

मग मिस्त्रीला बोलावलं. त्याने टाकी रिकामी केली, पाणी तापवणारा रॉड बाहेर काढला आणि त्यावर साचलेला पांढरा क्षार मला पुरावा म्हणून दाखवला. "यहाँ का पानी ही ऐसा है, मैडम." नवा रॉड बसवला, तापमानाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. नळातून वाफा यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून फोन केला, तर आई म्हणाली, "नाही बाई तापत."

तेव्हा माझी खात्री पटली, की हिला जायचंच आहे आणि गिझर हे निमित्त आहे. मला तिचा भयंकर राग आला. ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून थोडं रडूही आलं, मग जेवले.

शनिवारी मिस्त्री पुन्हा आला. टेस्टर लावून झाला, वायरी उघडून झाल्या. सगळं ठीक होतं. तो माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीने पाहत राहिला, आणि शेवटी त्याने मला आठवडाभर न सुचलेला प्रश्न विचारला. "माताजी, आपके लिए पानी निकालता कौन है?"

पाणी माझी मुलगी काढायची. शाळेला थंडीची सुट्टी होती, आणि इकडचा एका दांड्याचा नळ आजीला जमत नाही म्हणून हे काम तिने हौसेने घेतलं होतं. तिला बोलावलं.

"मी काहीच चुकीचं नाही केलं," ती आल्या आल्या म्हणाली. "आजी रोज सांगते, बेसन नको घालूस, मी घालीन. मी एकदा पण बेसन नाही घातलं."

"बेसन से तो नाली जाम होती है," मिस्त्री म्हणाला.

"आणि गार पाणी?" मी विचारलं.

"ते तर मिक्स करते ना. तूच बोललीस मम्मा, आजी जळेल."

आई म्हणत होती विसण. कढत पाण्यात आपल्याला सोसेल इतकं गार पाणी घालायचं, ते विसण, आणि ते ज्याचं त्याने घालायचं असतं. नात रोज पूर्ण गंभीरपणे "नाही घालत" म्हणायची आणि नळाचा दांडा मधोमध ठेवून बादली भरायची. आई कपडे काढून ठेवून, केस बांधून, भिंतीला धरून मोरीपर्यंत पोचेस्तोवर जानेवारीची हवा उरलेलं काम करायची. विसण न घालताच पाणी गार, म्हणजे गिझर बिघडलेला, हा तिचा हिशेब अगदी बरोबर होता. चौदा वर्षांत हा शब्द मी मुलीसमोर एकदाही उच्चारला नव्हता. आम्ही शॉवर घेतो. मला लाज वाटली, आणि ती आईपुढे नाही, मुलीपुढेच जास्त वाटली.

मिस्त्रीने खात्रीसाठी नुसत्या गरम पाण्याची बादली भरायला लावली. आईने बोट बुडवलं आणि लगेच काढून पदरात धरलं.

"ह्याला विसण लागेल," ती म्हणाली. इतकं समाधान तिच्या चेहऱ्यावर वडील गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं.

मिस्त्री हत्यारं पिशवीत भरत होता. इथल्या पाण्यामुळे टाकी दर वर्षी साफ करावी लागेल, पुढच्या थंडीआधी तोच आठवण करून देईल, फोन कोणाला करू, असं त्याने विचारलं. मी माझा नंबर सांगायला लागले.

"इसका मत लिखो," आई म्हणाली. "ये ऑफिस जाती है. मेरा लिखो. घर में मैं रहती हूँ."