रेडिएटरमध्ये परातभर हळद

रेडिएटरचं झाकण उघडलं आणि गॅरेजभर कढीचा वास सुटला. आत पिवळंधमक पाणी, वर बुडबुडे. इतकी वर्षं मोशीत गाड्या दुरुस्त करतोय, पण इंजिनकडे बघून भूक लागली ती पहिल्यांदाच.

जीप नानांची. नाना इथले जुने शेतकरी, आता जागांचे व्यवहार करतात. दारात नव्या गाड्या आहेत, पण जीव या म्हाताऱ्या डिझेल जीपवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मुलीचं, सोनलचं लग्न. तिनं बजावलं होतं, सासरी जाईन तर आपल्या जीपमधनं, नाहीतर जायचीच नाही.

"नाना, पाण्यात काय टाकलंय?"

"हळद. रेडिएटर गळत व्हता."

चिमूटभर हळदीनं बारीक गळती थांबते, हा आमच्या लाइनमधला जुना जुगाड. "किती टाकली?"

नाना खाली बघायला लागले. त्यांची थोरली बहीण, आक्का, सोबत आली होती. ती म्हणाली, "परातभर. नवरदेवाची उष्टी हळद पोरीला लावून उरली. म्हणलं, हिलाबी लावू, घरचीच हाय. बॉनेटला लावली, चाकांना लावली, ऱ्हायलेली तोंडात वतली."

"अहो आक्का, ते तोंड नाही!"

"मग पाणी कुठनं पाजता?"

मी पाना घेऊन बॉनेटखाली वाकलो.

झालं असं, की हळदीनं रेडिएटरच्या नळ्या चोंदल्या, इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट गेलं. इंजिनचा खालचा ठोकळा म्हणजे ब्लॉक, वरचं झाकण म्हणजे हेड. दोघांच्या मधे भोकाभोकांचा एक पातळ पत्रा असतो, ते गॅस्केट. पाणी, ऑइल आणि आतला जाळ ते वेगळे ठेवतं. ते फाटलं की पाणी ऑइलमध्ये. ऑइल तपासायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढली तर ऑइलचा दुधाळ चहा झालेला.

"उद्यापत्तुर व्हईल न्हवं, मिस्त्री?"

"हेडला तडा नसेल तर होईल. असेल, तर सोनलला तुम्हीच सांगा."

नाना मटकन टायरवर बसले.

हेड उतरवून भोसरीला नेलं. तडा नव्हता, जरासं वाकलं होतं. मशिनवर घासून सपाट करून घेतलं. तेवढ्यात रेडिएटर साफ करणाऱ्याचा फोन, "भाऊ, रेडिएटर पाठवलाय का पिठलं?"

नवं गॅस्केट टाकलं. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेर, थोडेथोडे कसायचे, जोर मोजून कसणारा टॉर्क रेंच लावून. घाई केली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी वाकून कसत होतो आणि आक्कानं शुभकार्य म्हणून नारळ फोडायला नेमकी सिलिंडर हेडची कड निवडली. बाईमाणसावर इतक्या जोरात मी जन्मात ओरडलो नव्हतो. नारळ शेवटी दगडावर फुटला.

दुपारी स्टार्टर मारला. धूर नाही, बुडबुडे नाहीत. नानांनी मला मिठीच मारली, ग्रीससकट.

लग्न लागलं. पाठवणीला सोनल शालू खोचून स्वतः स्टिअरिंगवर बसली, नवरदेव शेजारी फेटा सांभाळत. जीप चाकणच्या दिशेनं गेली आणि नाना धाय मोकलून रडायला लागले.

मी म्हणालो, "नाना, चाकण काय लांब आहे? रविवारी येईल की पोरगी."

"पोरगी येईल रं!" नाना हुंदके देत म्हणाले. "जीप न्हाई यायची. ठेवून घेतली तिनं. आत्ता गाडीत बसल्यावर सांगितलं!"

तेव्हापासून गिऱ्हाइकांना दोन गोष्टी सांगतो. रेडिएटर गळला तर रेडिएटरवाल्याकडे जा. आणि जुनी गाडी नीट करायच्या आधी घरात विचारून घ्या, ती नक्की कोणाची आहे.