बिनकामाचा दांडू

शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी निरोपसमारंभात एका तरुण शिक्षिकेने मला विचारलं, "मॅडम, अब क्या करेंगी? कोई हॉबी है आपकी?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "एक नहीं, ढेर सारी हैं!" घरी आल्यावर चहा पिता पिता तो ढीग जरा उपसून पाहिला. विणकाम होतं, पण त्याचे स्वेटर भाचे-पुतण्यांनी घातले. क्रोशा होता, तर घरात मिक्सरलासुद्धा झालरीचं टोपरं होतं. लोणची, पापड, कुरडया यांच्याबद्दल तर बोलायलाच नको, त्या डब्यांचे डबे भरून देवासहून इंदूर-पुण्याला रवाना व्हायच्या. माझा एकही छंद असा निघाला नाही, की ज्यातून कुणाच्या अंगावर किंवा पोटात काही गेलं नाही. म्हणजे ती कामंच होती, फक्त बसून करायची.

मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी आमच्या ह्यांच्यावर काढला. ते बिचारे पेपर वाचत होते.

त्यानंतरच्या संक्रांतीला मी माहेरी, धारला गेले. पुण्याकडचे पाहुणे संक्रांतीला आमच्याकडे आले की आभाळात पतंग शोधत बसतात. पतंग आमच्याकडेही उडतात, नाही असं नाही, पण माळव्याची खरी संक्रांत जमिनीवर असते. त्या दिवशी पिकल्या मिशांचे बाप्येसुद्धा दांडू घेऊन मैदानात उतरतात. घरात आम्ही त्याला विटी-दांडू म्हणतो, उंबरठा ओलांडला की तोच गिल्ली-डंडा होतो. लहानपणी मीही खेळायचे. पुढे परकराची साडी झाली आणि माझ्या हातात दांडूऐवजी तिळगुळाचा डबा आला. तो डबा घेऊन मी पन्नासएक वर्षं मैदानाच्या कडेला उभी राहिले.

यंदाही तशीच उभी होते. दादा आणि त्याचे मित्र खेळत होते. एवढ्यात विटी गरगरत माझ्या चपलेपाशी येऊन पडली. ती उचलून द्यायला मी वाकले आणि काय झालं कुणास ठाऊक, सरळ दादापाशी जाऊन म्हटलं, "एक मला मारू दे."

"अगं, कंबर जाईल!"

"माझी आहे ना? जाऊ दे."

मैदानात हशा पिकला. "अरे भिया, देने दो जिज्जी को," कुणीतरी म्हणालं. मी पदर खोचला. विटीच्या टोकावर दांडू आपटला, ती उडाली, आणि हवेतच तिला टोला बसला. टक्क! तो आवाज कानात नाही, कोपरात ऐकू येतो. विटी फार लांब गेली नाही, पण मला इतका आनंद झाला, की मी तिळगूळ वाटायचं विसरून तिथल्या तिथे उड्या मारल्या. निघताना दादाचा दांडू आणि विटी मी मागूनच घेतली. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काकीजी, किसको कूटने जा रहे हो?" मी म्हटलं, "देखते हैं, कौन मिलता है."

देवासला मिळाल्या त्या आमच्या वन्स. वन्स म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, दोन गल्ल्या सोडून राहतात. गुडघ्याला पट्टा, डोक्याला स्कार्फ आणि कुठल्याही गोष्टीचा नियम तोंडपाठ. रोज सकाळी त्या, मी आणि समोरच्या वहिनी अशा तिघी देवीच्या टेकरीकडे फिरायला जायचो आणि दुखणी एकमेकींना सांगून हलक्या व्हायचो. एका सकाळी मी कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवर त्यांना थांबवलं आणि शालीतून दांडू काढला. वहिनी लाजून इकडेतिकडे बघायला लागल्या. वन्सनी मात्र दांडू हातात घेऊन तोलला, विटीची टोकं बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "खड्डा कुणी खणायचा? तू खण. लांबट हवा, गोल चालायचा नाही."

त्या दिवसापासून टेकरी राहिली टेकरीच्या जागी. साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून आम्ही रोज सकाळी प्लॉटवर हजर. अंतर मोजायला वन्स "वकट, लेंड, मूंड, नाल" अशी जुनी मोजणी करत दांडू टाकत चालायच्या. आमच्या मुलांना ही मोजणी ऐकवली तर त्यांना ती तेलुगू वाटेल. पाय रेषेवर पडला तर डाव बाद, विटी शेवाळलेल्या विटांत अडकली तरी दया नाही. एकदा मी कुरकुर केली तर म्हणाल्या, "हे बघ, सख्ख्या भावाला मी कधी सूट दिली नाही, भावजयीला काय देणार?"

मला काय मिळत होतं तिथे? काही नाही. हेच तर मिळत होतं. टोला मारून झाल्यावर हातात काही उरत नसे, डब्यात भरून कुणाला द्यायचं नसे, कुणी "छान झालंय, पुढच्या वेळी मीठ थोडं कमी" असं म्हणत नसे. विटी जायची आणि डोक्यातलं सगळं तिच्याबरोबर जायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी निव्वळ माझ्यासाठी करत होते, आणि मी फार सुखात होते.

पण लोकांना ते बघवेना. वाईट मनाने नव्हे, चांगल्या मनानेच. हे म्हणाले, "बरं आहे, खांद्याला व्यायाम होतो." मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, रील टाक ना, व्हायरल होशील." कॉलनीचे सेक्रेटरी तर गेटवर थांबूनच राहिले. "दीदी, महिला दिवस पर प्रतियोगिता रख लें? एक मुख्य अतिथि बुला लेंगे, संस्कृति का संरक्षण भी हो जाएगा." मी म्हटलं, "भाईसाहब, हम तो बस खेल रहे हैं." त्यांना ते काही पटलं नाही. एवढ्या मोठ्या बायका उगीचच खेळतात, हे त्यांच्या कुठल्याच खान्यात बसत नव्हतं.

आणि मग ती सकाळ आली. मी टोला मारला तो असा बसला, की तसा माझ्या हातून पुन्हा बसणार नाही. विटी प्लॉट ओलांडून, कुंपण ओलांडून गेली आणि कोपऱ्यावरच्या घराच्या स्वयंपाकघराची काच खळ्ळकन फुटली.

त्या घरात एक माळवी भाभी राहतात. वयाने आमच्याएवढ्याच, पण कॉलनीत त्यांचा दरारा असा, की दूधवालासुद्धा त्यांच्या दारात घंटी हळू वाजवतो. त्या बाहेर आल्या. हातात आमची विटी. "यो कणे फोड्यो?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला, अगदी वर्गातल्या पोरीसारखा. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, माझे बूट बघितले, खोचलेला पदर बघितला, आणि विटी घेऊन आत गेल्या. दार बंद.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे. संस्कृतीचं संरक्षण करणारे सेक्रेटरी म्हणाले, "दीदी, अब यह बंद करना पड़ेगा." हे म्हणाले, "झाली ना हौस? आता आपल्या टेकरीच्या फेऱ्या बऱ्या." वहिनींनी फोनवर सांगितलं, की त्यांच्याकडे पाहुणे येणार आहेत, केव्हा जातील सांगता येत नाही. वन्सचा गुडघा एकाएकी दुखायला लागला. मी दांडू कपाटामागे ठेवला आणि मला रडू आलं. साठीच्या बाईने काठीसाठी रडावं, याची मला जराही लाज वाटली नाही. तेवढं एकच तर माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाभींच्या घरी गेले. काचवाल्याला ह्यांनी दुपारी यायला सांगितलं होतं, तेवढा निरोप द्यायचा, माफी मागायची आणि निघायचं, असं ठरवलं होतं. वन्सना मी बळेच बरोबर ओढलं, कारण एकटीने जायची माझी छाती होईना. वन्सच्या मागोमाग वहिनीही आल्या. त्यांचे पाहुणे बहुधा गेले होते.

भाभींनी दार उघडलं. खिडकीला पुठ्ठा लावलेला होता आणि ओट्यावर मसाल्याच्या डब्यांशेजारी आमची विटी होती. मी पाठ केलेली माफी हिंदीतून घडाघडा म्हणून टाकली. त्यांनी ती पुरती ऐकून घेतली.

"काँच तो लगी जायगो," त्या म्हणाल्या. मग विटी उचलली, मुठीत धरली. "पण पेलो दाव म्हारो."

पहिला डाव त्यांचा? मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. "भाभी, आपको खेलना आता है?"

"आवे कि नी आवे, थने कई? म्हारे कदी कोई ने खेलवा नी दियो. भई होण खेलता था, ने म्हूँ ओटला पे बेठी ने देखती थी." त्यांना कधी कुणी खेळूच दिलं नव्हतं; भाऊ खेळायचे आणि त्या ओट्यावर बसून बघायच्या. एवढं बोलून त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि आमच्याआधी प्लॉटकडे चालायला लागल्या. मी घरी धावत जाऊन कपाटामागचा दांडू आणला.

भाभींनी पदर डोक्यावरून काढून कमरेला घट्ट गुंडाळला. दांडू दोन्ही हातांनी धरला, लाटणं धरावं तसा. टोकावर आपटला, विटी वीतभर उडाली, भाभींनी डोळे मिटून जोरात दांडू फिरवला, आणि विटी पुन्हा होती तिथेच पडली. नियमाप्रमाणे डाव बाद. भाभी दांडू खाली टेकवून वन्सकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि दांडू परत द्यायला त्यांनी हात पुढेही केला.

वन्सनी त्या हाताकडे पाहिलं. मग खाली वाकल्या, पट्ट्याच्या गुडघ्यावर हात टेकून विटी उचलली आणि पुन्हा भाभींच्या पायाशी नीट मांडून ठेवली.

"ये नहीं गिनेंगे, भाभी," त्या म्हणाल्या. "फिर से मारो."