मेहुण्याचा वाटा

आमचा धंदा लोकांच्या पाट्या रंगवण्याचा, आणि आमच्याच दुकानावर पाटी नव्हती. रेवदंड्याच्या बाजारात किराणावाला, शिंपी, सोडावॉटरवाला, सगळ्यांची नावं आम्ही ऐटीत झळकवली होती. आमची फळी मात्र रंगाचं अस्तर मारून भिंतीला टेकून उभी. लोकांना वाटे, यांना कामातून सवड होत नसेल. खरी गोष्ट अशी की दुकान कुणाचं हेच ठरलेलं नव्हतं, मग फळीवर लिहायचं काय?

दुकान म्हणजे आमच्या घराची रस्त्याकडची पडवी. काम करणारे दोघे, मी आणि माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. अक्षरं माझी, चित्रं त्याची. माझं अक्षर वळणदार होतं, हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो. पण अक्षर सोडून हात जरा पुढे सरकला की माणसाचा भोपळा व्हायचा. नाटकाचे पडदे, अत्तराच्या बाटल्यांची लेबलं, होड्यांवरची चित्रं, हा सगळा मेहुण्याचा प्रांत.

त्या साली मुंबईच्या एका छापखान्याने त्याला बोलावणं धाडलं. शिमगा झाला की हजर व्हायचं, लेबलं काढायची, दरमहा पगार. तो मला म्हणाला, "भावोजी, जातो असं म्हणत नाही मी. पण इथे मी कोण, ते एकदा सांगा. पाहुणा, नोकर, का आणखी कुणी?"

मी त्याला टांग्यात घालून अलिबागला वकिलाकडे नेलं.

वकीलसाहेबांनी पान जमवता जमवता विचारलं, "दुकान तुमच्या एकट्याच्या नावावर ठेवायचंय? मग हे नोकर."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बरं, दुकान घराचं म्हणायचंय? एकत्र कुटुंब आहे तुमचं. मग थोरले बंधू कर्ते. तुम्ही वाटेकरी, त्यांचे मुलगे वाटेकरी. हे मात्र कुणी नाहीत."

"दादांचा धाकटा दीड वर्षाचा आहे," मी म्हणालो.

"असू दे. तोही वाटेकरी."

"त्याने परवा मूठभर पिवडी खाल्ली," मेहुणा म्हणाला. पिवडी म्हणजे आमचा पिवळा रंग.

"आपल्या वाट्याची खाल्ली," वकीलसाहेब म्हणाले आणि पान तोंडात टाकलं.

तिसरी वाट भागीदारीची. तिचा नवा कायदा नुकताच झाला होता आणि वकीलसाहेबांना त्याचं फार कौतुक. दोघे सारखे मालक. पण धंदा बुडाला तर एकाच्या पायी दुसऱ्याच्या घरावरही जप्ती येऊ शकते, असं त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं की मला घाम फुटला. मग त्यांनी जाता जाता लिमिटेड कंपनीचं नाव काढलं आणि मी सावरून बसलो. 'लिमिटेड' हा शब्द फळीवर कसा दिसेल, याचं चित्र डोळ्यांपुढे आलं. दरसाल सभा भरवावी लागेल, अध्यक्ष नेमावा लागेल, हिशेब तपासून घ्यावे लागतील, हे मी ऐकलंच नाही.

"सभेला ऐकायला कोण बसणार?" मेहुण्याने विचारलं. "अध्यक्ष तर भावोजी."

घरी आल्यावर दादांनी निकाल दिला. "पडवी घराची, तर दुकान घराचं. घरातल्या घरात वकील कशाला? आणि तुझा मेहुणा काय उपाशी राहतोय?"

आतून बायको म्हणाली, "नाही हो, उपाशी कसला? माझ्या भावाने रंग लावायचे आणि तुमच्या बाळाने खायचे. पोट दोघांचं भरतंय."

मी माझ्या पद्धतीने प्रश्न सोडवला, म्हणजे कोणता मजकूर फळीवर शोभतो ते पाहिलं. 'लिमिटेड' मावेना. एकटं माझं नाव लिहिलं तर उजवीकडे ओकंबोकं दिसे. शेवटी माझं नाव ठसठशीत काढून पुढे 'आणि कंपनी' लिहिलं. फळी कशी भरून आली.

मेहुण्याने ती डावीकडून उजवीकडे वाचली. "यात मी कुठेसा आहे?"

"कंपनीत."

"आणि बाळ?"

मी फळी उगाच सरळ केली. त्याने कुंचला धुऊन, पुसून कोनाड्यात ठेवला. मुंबईला जायची ट्रंक बहिणीकडे मागितली. ती तिने धड दिली नाही, धड नाकारली नाही, माझ्यासमोर आपटली.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर कोळीवाड्यातल्या एका तांडेलाची नवी होडी रंगवायची होती. शिमग्याला तिची पूजा, आणि पुढच्या टोकावर, नाळेवर, त्याला वाघ हवा. मेहुणा नुसता येऊन वाळूत बसला. वाघ मी काढला. पट्टे काढले, मिशा काढल्या, जबडा उघडा ठेवला.

तांडेल सगळीकडून फिरून बघून आला. "शेट, ह्यो वाघ हाय?"

"मग काय तर."

"न्हाय, इचारलं. दूध ठेवू का म्हनलं फुडं."

कोळीवाड्यातल्या बाया मासळीच्या टोपल्या खाली ठेवून हसायला लागल्या. तांडेलाने मेहुण्याकडे हनुवटी केली. "आन ह्यो का बसलाय? वाटा न्हाय त्याचा?"

कोळ्यांत मासळीचे वाटे पडतात. ओढणाऱ्या माणसांचे पडतात, जाळ्याचा पडतो, बोलता न येणाऱ्या होडीचासुद्धा पडतो. आणि मी तोंडाने वाटा मागणाऱ्या माणसाला टांग्यातून अलिबागपर्यंत हिंडवून आणलं होतं.

"आहे," मी म्हणालो. "माझ्याइतकाच. घर गेलं तर गेलं."

"तांडेलासमोर बोललात, भावोजी."

"वकिलासमोरही बोलतो. आधी हे मांजर आवर."

तो उठला. त्याने वाघाचे डोळे पुसून नवे काढले, मान जराशी खाली ओढली, आणि बाया दोन पावलं मागे सरकल्या.

शिमग्याआधी अलिबागला भागीदारीचा कागद झाला. दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पडवीचं भाडं म्हणून दरसाल गणपतीची आरास तुम्ही दोघांनी रंगवायची. छापखान्याला मेहुण्याने नकार कळवला, आणि ट्रंक बायकोने स्वतः माळ्यावर चढवली.

मग एके सकाळी मी पडवी झाडली, रंग खलले, उन्हं अंगणात आली तरी भागीदाराचा पत्ता नाही. एरवी तो माझ्या आधी हजर असे. आला तो दात कोरत.

"आज उशीर?" मी विचारलं.

"मालकाला कसला उशीर?" म्हणत तो पाटावर बसला.

"मग मी कोण? मीही मालकच की."

आतून चहा घेऊन येणाऱ्या बायकोने आधी त्याच्यापुढे पेला ठेवला, मग माझ्यापुढे. "तुम्ही आहात ना झाडायला," ती म्हणाली, "म्हणून तर त्याला झोप लागली."