चंपाबाईनं धरलेले चोर

पाचोडच्या बाजारात चंपाबाई मिरच्या विकते. गेल्या साली तिची गाभण शेळी कुणीतरी भरदुपारी सोडून नेली, अन् आख्खी आळी नुसती बघत राहिली. तो राग तिच्या पोटात तसाच धुमसत होता.

त्या दिवशी बाजार ऐन भरात आला होता. एकाएकी "चोर! चोर!" असा गलका उठला. गर्दीतून दोन फाटके गडी धावत आले. पुढच्याच्या खांद्यावर शेळी, मागच्याच्या पायात एकच चप्पल. लोक हसत बाजूला सरकले. चंपाबाई मात्र मिरच्यांच्या ढिगावरून उडी टाकून धावली अन् शेळीवाल्याची गचांडीच धरली.

"कुठं निघाला रं मुडद्या? ठेव ती खाली!"

"मावशे, सोड! शूटिंग हाय!"

"थांब, दावते तुला शूटिंग!"

शेळी सुटली ती शेजारणीच्या कोथिंबिरीत शिरली. दुसरा गडी हात जोडू लागला. चंपाबाईनं पहिल्याचं तोंड जवळून पाहिलं. गाल बसलेले, ओठ सुकलेले.

"जेवला का?"

त्यानं खरंच नाही म्हणून मान हलवली. सकाळपासून नुसतं पळणंच चाललं होतं.

"म्हणून चोरी करायची व्हय? बसा हितं!" तिनं फडकं सोडून भाकरी अन् ठेचा दोघांपुढं सरकवला. दोघं मुकाट्यानं जेवायला बसले.

समोरच्या गच्चीवर कॅमेऱ्यापाशी दिग्दर्शक सम्यक दबक्या आवाजात ओरडत होता, "बंद करू नका, चालू ठेवा!" चोरीच्या भानगडीत अडकलेल्या दोन भटक्यांचा त्याचा विनोदी सिनेमा. कागदावर दोघं शेळी घेऊन पसार होत होते. तो जिना उतरून धापा टाकत आला.

"मावशी, शेवट तुम्हीच केलात! हाच ठेवू का?"

सगळं कळल्यावर चंपाबाई लाजून लाल झाली. मग हळूच म्हणाली, "ठेव की. पण माझा पदर नीट होता ना?"

सिनेमा संभाजीनगरला लागला. नात अमृतानं तिला बळंच नेलं. गचांडी धरली तशा शिट्ट्या सुटल्या, भाकरी पुढं आली तसं थिएटर चिडीचूप झालं. दिवे लागायच्या आतच चंपाबाई उभी राहिली.

"मीच हाय ती! पाचोडची चंपाबाई!"

सगळं थिएटर मागं वळलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! अमृता हात ओढून खाली बसवत होती, पण ती कुठली बसतेय!