रोज पाठवत जा

मुलीच्या लग्नाचं बघत होतो. एकदा हौसेनं इंटरनेटवर हैदराबादेतली मंगल कार्यालयं शोधली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या मेलच्या कडेला फेटे, शेरवान्या आणि केटरर हात जोडून उभे राहिले. स्थळ अजून ठरलेलं नाही आणि त्या फुकट मेलवाल्या कंपनीला वऱ्हाड जेवायला घालायची घाई! माझं डोकंच फिरलं. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की ओपन सोर्स मेल प्रोग्रॅम असतात, जाहिराती नाहीत, हवे तसे बदलून घ्या. त्याच रविवारी एक उतरवून घेतला.

मग मी दुसरं काही केलंच नाही. अक्षरं मोठी केली, नको ती बटणं काढून टाकली, रंग आधी हिरवा केला, मग जांभळा, आणि बायकोनं तोंड वाकडं केलं म्हणून शेवटी पांढरा.

"तुम्हाला मेल येतं कुणाचं? वीजबिलाचं," ती म्हणाली.

हे खोटं होतं. सिकंदराबादच्या एका घरून उत्तर यायचं होतं. मुलगा चांगला होता. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळा भरवसा लेखी कागदावर. होकार असो की नकार, मेलनंच कळवू म्हणाले होते. मुलगी काही बोलत नव्हती, पण घरात आम्ही तिघंही त्या उत्तराचीच वाट पाहत होतो.

आणखी मेल यायचं ते मेहुण्यांचं. सुलतान बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत सगळ्या नातेवाइकांना एक देव, एक कमळ आणि एक सुविचार पाठवतात. वर न चुकता '॥ श्री ॥'. उत्तर दिलं नाही की लगेच फोन: "काय दाजी, मेल पाहिलं की नाही? मी इथं परेशान होऊन राहिलो!" पत्त्यावरून अडवावं, तर कधी दुकानाच्या पत्त्यावरून येतं, कधी सुनेच्या. पण नव्या प्रोग्रॅममध्ये नियम करता येतात. मी नियम केला: '॥ श्री ॥' दिसलं की मेल थेट 'पुण्य' नावाच्या कप्प्यात जावं, आणि माझ्या नावानं आपोआप उत्तर जावं, "वा! फार सुंदर. मन प्रसन्न झालं. रोज पाठवत जा." मेहुणे खूश, मी सुखी. काही दिवस मी स्वतःला इंजिनिअर समजत होतो.

एका दुपारी मुलाच्या वडिलांचा फोन आला.

"साहेब, आपलं उत्तर मिळालं."

"कशाचं?"

"आमच्या नकाराचं. पत्रिका जुळत नाही म्हणून जड मनानं कळवलं होतं. आपण मन प्रसन्न झालं म्हणालात." ते पुढे म्हणाले, "आणि रोज कसं पाठवणार हो? आम्ही एका स्थळाला एकदाच नकार देतो."

मी फोन ठेवून 'पुण्य' उघडलं. दोन कमळांच्या मध्ये तो नकार होता, वर ठसठशीत '॥ श्री ॥'. मजकूर शुभ असो की अशुभ, आपल्यात कागदाचा माथा कोरा ठेवतं कोण? मीसुद्धा ठेवत नाही. आधी लाज वाटली, आणि मग फार वाईट वाटलं. ते स्थळ मला मनापासून हवं होतं.

मुलगी ऑफिसातून आली तेव्हा मी माफीचं पत्र लिहीत बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. ती खुर्ची धरून हसत सुटली. हसता हसताच पत्र वाचायला लागली: 'आमच्याकडून काही उणं राहिलं असल्यास क्षमा असावी...' तिथं तिचं हसू थांबलं.

"हे नक्को, पप्पा."

"अगं, चूक माझी झाली ना."

"चुकीच्या उत्तराची माफी मागा. पण 'उणं राहिलं' हे काय? प्रत्येक नकाराला तुम्ही हेच लिहिता. उणी मी आहे का?"

मी पत्र पुसलं आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं: मागचं उत्तर प्रोग्रॅमनं आपोआप पाठवलं, त्याबद्दल क्षमस्व. आपला निर्णय कळला. खाली सवयीनं 'आपला नम्र' लिहिलं. तिनं माझ्या खांद्यावरून हात पुढे करून 'नम्र' तेवढं पुसलं. मी तसंच पाठवलं.