गावकीची भांडी आणि साहेबांचा डेटाबेस

शिकलेल्या माणसाला फसवायला एक गुळगुळीत माहितीपत्रक पुरतं. त्यावर हेडफोन लावून हसणारी गोरी बाई असावी, मागे काचेची इमारत असावी आणि ‘एंटरप्राइज’ हा शब्द पानोपानी यावा. मग तो माणूस वस्तू काय आहे ते विचारत नाही. आपण ती घेतली तर आपण कसे दिसू, एवढंच बघतो.

हे मी आमच्या भांड्यांच्या गटात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मुरबाडकडे आमच्या काही गावांतल्या बायकांचा गट आहे. लग्नाकार्याला लागणारे भाताचे टोप, पराती, शेगड्या, ताडपत्र्या, खुर्च्या या बायका भाड्याने देतात. माझी आत्या गटाची अध्यक्ष. पूर्वी हा धंदा एका कंत्राटदाराच्या हातात होता. वैशाखरे गावातल्या एका घरी ऐन हळदीच्या दिवशी त्याचा टेम्पो आला आणि चुलीवरचा टोप उतरवून घेऊन गेला, कारण त्याच दिवशी कुणा बड्या माणसाकडे जेवणावळ निघाली होती. ज्या मावशीच्या मुलीची ती हळद होती, ती आज गटात आहे. गट काढताना आत्याने शब्द दिला होता: एकदा दिलेली तारीख कुणा मोठ्या माणसासाठी मोडायची नाही.

शब्द देणं सोपं होतं. पुढे शहापूरला दुसरं गोदाम झालं आणि घोळ सुरू झाला. मुरबाडची बाई फोनवर हो म्हणायची, शहापूरची बाईही हो म्हणायची, आणि टोप एकच. दोन्हीकडून एकच हिशेब दिसेल असं काहीतरी कॉम्प्युटरवर करायचं ठरलं. मी शहापूरला एका लहानशा ऑफिसात प्रोग्रॅम लिहिते, म्हणून आत्याने मला बोलावलं. आणि गटाच्या सल्लागारांनी कल्याणहून एक विक्रेता बोलावला.

सल्लागार म्हणजे निवृत्त अधिकारी. सगळ्या बायका त्यांना साहेब म्हणतात. शहापूरचं गोदाम त्यांच्याच इमारतीत होतं, म्हणून ते सल्लागार. एवढीच त्यांची पात्रता.

बैठक त्यांच्याच हॉलमध्ये झाली. विक्रेत्याने पडद्यावर चित्रं दाखवली. त्याचा प्रोग्रॅम एका बड्या परदेशी कंपनीच्या डेटाबेसवर चालणार होता, लायसन्स घेऊन. माहिती राहणार होती विक्रेत्याच्या सर्व्हरवर, ‘एकदम सेफ’.

“बँका हाच वापरतात, मॅडम,” तो आत्याला म्हणाला.

साहेबांनी मान डोलावली. जणू बँक त्यांच्याच वाड्यात भाड्याने होती. बँका लोखंडी तिजोरीही वापरतात, म्हणून भाताचा टोप कुणी तिजोरीत ठेवत नाही. पण हे त्यांना कोण सांगणार? म्हसा गावच्या जत्रेत बैल घेताना हाच माणूस त्याचे दात बघेल, शेपूट ओढेल, चार पावलं चालवून बघेल. डेटाबेस घेताना मात्र त्याने नुसतं शिंगांना लावलेलं बेगड पाहिलं.

मग विक्रेत्याने शेवटची खुबी सांगितली. साहेबांसाठी वेगळा पासवर्ड. तो टाकला की कुठलंही बुकिंग बदलता येईल, आणि जुनं काय होतं याची खूणही राहणार नाही.

“फ्लेक्सिबिलिटी,” साहेब म्हणाले.

मला त्या शब्दाची किळस आली. कंत्राटदाराला निदान टेम्पो आणावा लागत होता.

मी उठून माझं पत्रक वाटलं. हो, पत्रक. मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढले, अक्षरओळख त्यांच्यावरच झाली, आणि ती पत्रकं गावोगाव वाटणारी आत्याच होती. माझं म्हणणं असं होतं की फुकट मिळणारा, आतला कोड उघडून बघता येणारा डेटाबेस घ्यावा. त्यावर मी प्रोग्रॅम लिहीन आणि सगळं मुरबाडच्या गोदामातल्या आपल्याच कॉम्प्युटरवर राहील.

आत्याने पत्रक शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढला.

“फुकटची घोंगडी आली ती फाटकी. फुकटचं बियाणं आलं ते उगवलंच नाय. आता डेटाबेस पन आमाला फुकटचाच गो?”

बायका हसल्या. साहेब सर्वांत मोठ्याने हसले.

मला राग साहेबांचा आला, आत्याचा नाही. या भागात फुकट म्हणजे दुसऱ्याने टाकून दिलेलं, हे तिला आयुष्याने शिकवलं होतं. तिला विकत घ्यायचं होतं, मानाने. त्या मानाचा फायदा घेऊन समोरचा माणूस तिच्या गळ्यात दावं बांधत होता, आणि साहेब त्याला गाठ मारायला मदत करत होते.

मी म्हटलं, “बोलणं राहू दे. दोन्ही चालवून बघू.”

दोन लॅपटॉप मांडले. एकावर आत्या, दुसऱ्यावर वैशाखऱ्याची मावशी. विक्रेत्याच्या प्रोग्रॅमवर दोघींनी तोच मोठा टोप, तीच तारीख उघडली. दोघींनाही टोप मोकळा दिसत होता. मी टाळी वाजवली, दोघींनी एकदम बटण दाबलं.

दोन्हीकडे हिरवी खूण उमटली. बुकिंग यशस्वी.

“आता टोप कापायचा का मधोमध?” मावशी म्हणाली.

विक्रेता हसला. “मावशी, प्रॅक्टिकली असं होत नाही हो.”

“आमच्याकडं झालंय. टोप नेला तवा भात अर्धा शिजला होता.”

विक्रेत्याचं हसू मावळलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोष त्या परदेशी कंपनीच्या डेटाबेसचा नव्हता. एक वस्तू एका तारखेला एकदाच देता येईल, असा नियम कुठल्याही बऱ्या डेटाबेसला सांगता येतो. मग दोघे एकदम आले तरी तो एकाला थांबवतो आणि दुसऱ्यालाच देतो. या गृहस्थाने किराणा दुकानासाठी लिहिलेला प्रोग्रॅम आमच्यासमोर मांडला होता, आणि तो नियम सांगायचे कष्टच घेतले नव्हते. बँकेचं नाव घेतलं, बँकेची शिस्त घेतली नाही. आणि तो नियम आपण घालू म्हटलं तरी त्याचा प्रोग्रॅम उघडायची आम्हाला परवानगी नव्हती.

मी रात्री जागून माझा नमुना केला होता. दिसायला अगदीच ओबडधोबड, करड्या पडद्यावर काळी अक्षरं. दोघींनी पुन्हा एकदम बटण दाबलं. आत्याला टोप मिळाला. मावशीच्या पडद्यावर आलं: ‘हा टोप या तारखेला दिलेला आहे.’

“मला नाय म्हनतंय,” मावशी म्हणाली. तिच्या तोंडावर समाधान होतं.

साहेब म्हणाले, “ठीक आहे, पण याची जबाबदारी कोण घेणार? फुकटच्या वस्तूला मालक नसतो.”

“ते मात्र खरं,” आत्या माझ्याकडे वळली. “पत्रकात भाषा जोरात हाय, पन तो हाय कोनाचा, ते लिवलंच नाय तू.”

मी सांगायला लागले. जगभरच्या पुष्कळ लोकांनी मिळून केला. कुणीही न्यावा, वापरावा. बिघाड सापडला तर दुरुस्त करावा आणि दुरुस्ती सगळ्यांना द्यावी. हेच मी पत्रकात दोन पानं भरून, परवाना आणि स्वातंत्र्य असल्या शब्दांत लिहिलं होतं.

“मंजी गावकीच्या टोपासारखा,” मावशी म्हणाली.

आमच्याकडे जुन्या काळी प्रत्येक गावाची सामायिक भांडी असत. लग्न निघालं की घेऊन जायची, घासून परत आणायची. पोचा पडला तर ज्याच्या घरी पडला त्याने ठोकून द्यायचा. त्या भांड्यांना फुकटची भांडी कुणी कधी म्हटलं नाही.

आत्याने पत्रकाची घडी घातली. मग म्हणाली, “मंग घेऊ. पन गावकीचा हाय तर तू परत काय देनार?”

मी म्हटलं, मराठीत तो कसा वापरायचा ते सगळं लिहून सगळ्यांसाठी ठेवीन. ते काम अजून करतेय. कंटाळवाणं आहे, पण करतेय.

विक्रेत्याने माहितीपत्रकं गोळा करून नेली. साहेबांनी आपलं तेवढं ठेवून घेतलं.

लग्नसराई लागली. सिद्धगडाच्या पायथ्याशी एका घरचं लग्न होतं, मोठे टोप त्यांना दिलेले होते. त्याच तारखेला साहेबांच्या पुतण्याचा साखरपुडा ठरला. साहेबांनी शहापूरच्या गोदामातल्या बाईला बुकिंग करायला लावलं. पडद्याने नाही म्हटलं. त्यांनी पासवर्ड मागितला. तसला पासवर्ड मी कुणासाठीच केला नव्हता. मग त्यांनी आत्याला फोन लावला. मी तिच्या शेजारीच होते, फोनचा स्पीकर चालू होता.

“तेवढं ॲडजस्ट करा, ताई. ती माणसं साधी आहेत, त्यांना कुठलीही भांडी चालतील.”

“मशीन नाय म्हनतंय, साहेब.”

“मशीनला कोण विचारतंय? तुम्ही सांगा ना.”

आत्याने फोन जरा तोंडाजवळ घेतला. “मी पन नायच म्हनते.”

दुसऱ्या दिवशी निरोप आला, गोदाम रिकामं करा. सल्लाही संपला. इतकी वर्षं साहेब ज्याला समाजकार्य म्हणत होते, ते दोन टोपांइतकंच खोल होतं.

आम्ही बायकांनी भांडी बाहेर काढून टेम्पोत भरली. मावशीने आपला गुरांचा गोठा झाडून ठेवला होता, पुढचं गोदाम तिथेच. साहेब वरच्या गॅलरीत उभे राहून बघत होते, जणू आम्ही त्यांचंच काही नेत होतो.

“आनि तुजा डेटाबेस?” मावशीने विचारलं. “तो नाय भरायचा?”

“तो मुरबाडला आहे. इथला कॉम्प्युटर घेतला की झालं.”

“साहेबांचा घेतला असता तर?”

“तर टोप आपले असते, आणि कुणाला द्यायचे ते कल्याणच्या विक्रेत्याला विचारावं लागलं असतं.”

मावशीने वर गॅलरीकडे बघितलं, कॉम्प्युटर उचलून मांडीवर घेतला आणि टेम्पोत पुढे बसली. गोठ्यावर जाण्याआधी टेम्पो सिद्धगडाच्या वाटेला वळवायचा होता. मोठे टोप आधी तिथे उतरवायचे होते, हळद त्याच दिवशी होती.